गुंतवलेले पैसे आणि अडकलेले पैसे

जुलै आला की नाशिकला कॅनडा कॉर्नरच्या आमच्या छोट्या ऑफिसात बसायला जागा नसते. आयकर विवरणपत्रांची मुदत तोंडावर, बाहेर संततधार आणि खुर्च्यांवर फॉर्म सोळाच्या प्रती घेऊन बसलेली माणसं. गेल्या चार-पाच वर्षांत त्यांच्या हातात आणखी एक कागद दिसायला लागलाय: ब्रोकरच्या ॲपमधून काढलेलं नफा-तोट्याचं पत्रक.

मागच्या जुलैत माझ्या भावाच्या मित्राचा मुलगा असंच पत्रक घेऊन आला. वय सव्वीस, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला, वडिलांची निफाड तालुक्यात शेती. मला आत्या म्हणतो. "आत्या, मी शेअर्समध्ये थोडी गुंतवणूक करतो. तेही दाखवावं लागेल ना?" मी पीडीएफ उघडली. वर्षभरात ११४० व्यवहार. थोडे इंट्राडेचे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकलेले, बाकी निफ्टी या निर्देशांकाचे ऑप्शन्स. व्यवहारांतला तोटा ३८ हजार, आणि त्याखाली दलाली, कर, शुल्क मिळून ६१ हजार. शेवटच्या पानावर तीन कंपन्यांचे शेअर्स शिल्लक होते, तिन्ही लाल रंगात.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आपण गुंतवणूक करतोय. आपल्याकडे 'शेअर मार्केट करतो' या एका वाक्यात दोन अगदी वेगळे धंदे कोंबले जातात, आणि ॲपवरही दोन्हींची बटणं एकाच पडद्यावर असतात. त्या दिवशी त्याला जे समजावलं ते इथे सविस्तर लिहितेय. शेअर बाजारात जाऊ नका असं सांगायला मी बसलेली नाही. आपण यातला कुठला धंदा करतोय, हे पैसे टाकण्याआधी माणसाला माहीत असावं, एवढीच माझी कळकळ आहे.

पैसा येतो कुठून?

हा एक प्रश्न विचारला की निम्मा गोंधळ मिटतो. शेअर घेतलात, पुढे फायदा झाला. तो फायदा कुणी दिला?

अंबडला गाड्यांचे सुटे भाग करणारा एक कारखाना आहे असं समजू. वर्षाचा निव्वळ नफा १० कोटी, एकूण शेअर्स १ कोटी. म्हणजे एका शेअरच्या वाट्याला १० रुपये कमाई आली. बाजारात त्या शेअरचा भाव २०० रुपये आहे. एक रुपया कमाईसाठी तुम्ही २० रुपये मोजताय. यालाच पी-ई म्हणतात, इथे तो २०.

त्या १० रुपयांतले ३ रुपये कंपनीने लाभांश म्हणून वाटले आणि ७ रुपये धंद्यातच ठेवले. त्यातून दोन सीएनसी मशिन्स आली, सिन्नरला नवीन शेड उभी राहिली, एक मोठा ग्राहक मिळाला. पुढच्या वर्षी कमाई ११ रुपये २० पैसे झाली, म्हणजे १२ टक्के वाढ. या वेगाने कमाई साधारण सहा वर्षांत दुप्पट होते. ७२ ला वाढीच्या टक्क्यांनी भागायचं, ७२ भागिले १२ म्हणजे ६, हा बँकेतल्या लोकांचा जुना आडाखा इथेही चालतो. अठरा वर्षांत ती साडेसात पटींच्या पुढे जाते. पहिल्या सहा वर्षांत १० चे २० होतात तेव्हा काही विशेष वाटत नाही. शेवटच्या सहा वर्षांत साधारण ३९ चे ७७ होतात. सगळी गंमत मागच्या बाकावर असते, आणि बहुतेक लोक त्याआधीच वर्गाबाहेर गेलेले असतात.

इथे फायदा कंपनीने कमावला. ग्राहकाने मालाचे पैसे दिले, त्यातून पगार, कच्चा माल, व्याज आणि कर वजा जाऊन उरलं ते तुमचं. म्हणून गुंतवणुकीत सगळे एकत्र कमावू शकतात. तुमच्या फायद्यासाठी दुसऱ्याचं नुकसान व्हावं लागत नाही.

आता दुसरा धंदा. सकाळी सव्वानऊला बाजार उघडला, साडेनऊला तुम्ही तोच शेअर २०० ला घेतला आणि दुपारी दोनला २०२ ला विकला. या साडेचार तासांत कारखान्यात एक पाळीसुद्धा पूर्ण झाली नाही. वरचे दोन रुपये कारखान्याने दिलेले नाहीत, तुमच्याशी व्यवहार करणाऱ्या माणसाने दिलेत. त्याचाही काही हिशेब असेल. तो चुकला म्हणून तुम्हाला मिळाले. उद्या तुम्ही चुकाल तेव्हा त्याला मिळतील. एफ अँड ओमध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावरच्या फ्युचर्स आणि ऑप्शन्स या करारांमध्ये तर हे अगदी चोख असतं. एकाचा जेवढा फायदा तेवढाच दुसऱ्याचा तोटा, आणि दोघांच्याही खिशातून शुल्क वेगळं.

ट्रेडिंग म्हणजे पाप नव्हे. भरपूर ट्रेडर असतात म्हणूनच तुम्हाला कुठल्याही दिवशी शेअर विकायचा झाला की लगेच गिऱ्हाईक सापडतं. फक्त तिथली कमाई वेगळ्या झऱ्यातून येते, आणि त्या झऱ्यावर तुमच्याआधी कोण उभं आहे ते बघून घ्यावं.

समोर कोण बसलंय

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या संस्थेने याचा हिशेब मांडला आहे. सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांची खाती तपासली. त्यांतल्या ९३ टक्के लोकांना तोटा झाला. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. तीन वर्षांत एक लाखाहून जास्त नफा कमावणारे एक टक्का. पुढच्या वर्षीचे, म्हणजे २०२४-२५ चे आकडे आले तेव्हाही ९१ टक्के लोक तोट्यातच होते.

हे पैसे गेले कुठे? २०२३-२४ मध्ये सामान्य आणि इतर छोटे खेळाडू मिळून ६१ हजार कोटींनी तोट्यात गेले, खर्च धरण्याआधी. त्याच वर्षी ब्रोकर कंपन्यांच्या स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या विभागांना सुमारे ३३ हजार कोटींचा आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांना सुमारे २८ हजार कोटींचा फायदा झाला. बेरीज करून बघा. या संस्थांचा जवळपास सगळा नफा अल्गोरिदमने, म्हणजे संगणकाने आपोआप घातलेल्या व्यवहारांतून आला. अंबडची दुसरी पाळी संपवून, पाथर्डी फाट्याच्या खोलीवर मोबाइलमध्ये चार्ट बघणाऱ्या मुलाच्या समोर हे बसलेलं असतं.

याच अहवालातल्या दोन गोष्टी मला जास्त लागल्या. एफ अँड ओ करणाऱ्यांत ४३ टक्के लोक तिशीच्या आतले. आणि तीन-चतुर्थांशाहून जास्त लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवलेलं. २ लाखांचा सरासरी तोटा या उत्पन्नाशेजारी ठेवून बघा, म्हणजे त्या आकड्याला चेहरा येतो.

रोख शेअर्सच्या इंट्राडेचं चित्र थोडं बरं, पण थोडंच. २०२२-२३ मध्ये दहापैकी सात जण तोट्यात.

गळका नळ

त्या मुलाला तोट्यापेक्षा शुल्काचा आकडा जास्त झोंबला. "आत्या, इतके कसे झाले? प्रत्येक वेळी तर वीस रुपये दाखवतं." म्हणून पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं.

एक लाखाचे शेअर्स सकाळी घेतले, दुपारी विकले. बऱ्याच डिस्काउंट ब्रोकरांकडे ऑर्डरला जास्तीत जास्त २० रुपये, दोन ऑर्डरींचे ४०. विकताना एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर, ०.०२५ टक्के, म्हणजे २५. एक्स्चेंजचं शुल्क साधारण ६. मुद्रांक शुल्क ३. दलाली आणि एक्स्चेंज शुल्कावर १८ टक्के जीएसटी, आठेक रुपये. बेरीज ८२ च्या आसपास. लाखामागे ८२ म्हणजे काहीच नाही, असं कुणालाही वाटेल.

आता असे दिवसाला पाच व्यवहार करा. बाजार वर्षाला साधारण २४५ दिवस चालतो. पाच गुणिले २४५ गुणिले ८२. उत्तर एक लाख रुपयांच्या थोडं पुढे जातं. म्हणजे वर्षभर नफाही नाही आणि तोटाही नाही, इतकं छान जमलं, तरी एक लाखाचं भांडवल नुसत्या शुल्कात संपलं. त्यात हा एक लाख पूर्ण तुमचा असावाच लागतो असंही नाही. इंट्राडेला २० टक्के मार्जिन (अनामत) पुरतं, म्हणजे वीस हजार खात्यात असले तरी लाखाचा व्यवहार होतो. तेव्हा वीस हजारांच्या भांडवलावर लाखाचं शुल्क.

डिलिव्हरीला, म्हणजे शेअर घेऊन खात्यात ठेवायचा असेल तेव्हा, एका व्यवहाराचा खर्च उलट जास्त असतो. घेताना ०.१ टक्का एसटीटी, विकतानाही तेवढाच, शिवाय मुद्रांक आणि किरकोळ शुल्क. लाखाला सव्वादोनशे-अडीचशे रुपये. पण तो दहा वर्षांत एकदा. इंट्राडेचा खर्च घरातल्या गळक्या नळासारखा असतो. एकेक थेंबाकडे कुणी बघत नाही, बिल आल्यावर कळतं.

कराचंही तसंच. डिलिव्हरीचा शेअर बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकला तर वर्षाच्या १.२५ लाखांपर्यंतच्या नफ्यावर कर नाही, पुढे १२.५ टक्के. त्याआधी विकला तर २० टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. इंट्राडेचं उत्पन्न मात्र सट्ट्याच्या धंद्याचं उत्पन्न धरतात, ते तुमच्या पगारात मिळवून स्लॅबप्रमाणे कर लागतो, आणि तोटा झाला तर तो फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो. पुढे ओढता येतो तोही चारच वर्षं. एफ अँड ओचा तोटा आठ वर्षं ओढता येतो, पण पगारातून वजा होत नाही आणि विवरणपत्र मुदतीत भरलेलं असावं लागतं. "तोटाच झालाय, मग कशाला दाखवायचं?" असं म्हणून कितीतरी मुलं हा हक्क घालवतात. तोटा असला तरी दाखवा.

चाळीतला कांदा

ऑप्शन म्हणजे काय, हे समजावण्यात बरीच पुस्तकं पानंच्या पानं घालवतात. निफाडच्या मुलाला ते कांद्याच्या चाळीवरून दोन मिनिटांत कळलं.

उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरला. आशा ही, की सप्टेंबरला भाव चढेल. पण चाळीतला कांदा गप्प बसत नाही. वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. पाच महिन्यांत तीस-चाळीस टक्के घट शेतकरी धरूनच चालतो. शंभर क्विंटलचे पासष्ट राहिले, तर नुसतं मूळ पैशावर यायला भाव दीडपटीच्या वर जावा लागतो. भाव वाढला, पण दीडपटच झाला, तर तुमचा अंदाज बरोबर येऊनही हातात तोटाच.

निफ्टीचा कॉल, म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने निफ्टी घेण्याचा हक्क, तसाच. समजा निफ्टी २५,००० वर आहे आणि २५,२०० चा, या मंगळवारी संपणारा कॉल तुम्ही १०० रुपयांना घेतला. लॉट, म्हणजे एका वेळी घ्यावीच लागणारी संख्या, ६५ चा धरला तर ६,५०० रुपये गेले. मंगळवारी निफ्टी २५,३०० च्या वर बंद झाला तरच फायदा. निफ्टी जागच्या जागी राहिला, तर तुमचे १०० रुपये रोज थोडे थोडे झिजत मंगळवारी दुपारी शून्य होतात. आणि निफ्टी वर गेला, पण बुधवारी गेला, तरी शून्यच. दिशा बरोबर असून भागत नाही. किती आणि केव्हा, हेही बरोबर यावं लागतं. तिन्ही एकदम. फरक इतकाच की चाळीत निदान पासष्ट क्विंटल कांदा तरी उरतो.

सरकारचं धोरण रातोरात बदलतं आणि लिलाव कोसळतो, हेही लासलगाव-पिंपळगावला कुणी शिकवायची गरज नाही. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा आदल्या दिवसापर्यंतचे सगळे अंदाज एका अधिसूचनेत वाहून गेले. बाजारातही तसंच होतं. ३ जून २०२४ ला एक्झिट पोल बघून सेन्सेक्स २,५०० अंकांनी चढला. ४ जूनला मतमोजणीत ४,३९० अंकांनी पडला. ५ जूनला पुन्हा २,३०० अंकांनी वर. या तीन दिवसांत देशातल्या कुठल्याही कारखान्याचा नफा बदलला नव्हता. शेअर्स धरून बसलेल्याचं आठवडाअखेर काही बिघडलं नाही. उधारीच्या मार्जिनवर बसलेल्यांना मात्र मधल्या दिवशीच बाहेर काढलं गेलं.

ठेवून दिलं म्हणजे गुंतवणूक नव्हे

इतकं वाचून 'मग घ्यायचे आणि विसरायचे' असं कुणी ठरवत असेल तर थांबा. हा दुसरा सापळा आहे आणि मी तो घरात बघितलाय.

माझे वडील सातपूरच्या एका कारखान्यात होते. ऐंशी-नव्वदच्या दशकात रविवार कारंजाजवळच्या एका एजंटाकडून फॉर्म आणून त्यांनी पाच कंपन्यांचे शेअर्स घेतले होते. कागदी सर्टिफिकेटं, जाड, कडेला वेलबुट्टी, कपाटाच्या लॉकरमध्ये दागिन्यांखाली. ते गेल्यावर मी ती बाहेर काढली. तीन कंपन्या केव्हाच बंद पडलेल्या. एक धुगधुगीत. पाचव्या कंपनीने मधल्या काळात दोनदा बोनस दिलेला, आणि तिच्या एकटीच्या किमतीत उरलेल्या चारांचा तोटा कितीतरी वेळा भरून निघत होता.

पण तेही सरळ हातात आलं नाही. आम्ही घर बदललं, पत्ता कळवला नाही, लाभांशाचे चेक जुन्या पत्त्यावर जात राहिले. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही तर तो आणि ते शेअर्ससुद्धा सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे, आयईपीएफकडे जातात. ते सोडवायला वारसाची कागदपत्रं, फॉर्म, शपथपत्रं, असं दीड वर्ष गेलं. तुमच्याही कपाटात अशी सर्टिफिकेटं असतील तर या रविवारी काढून बघा. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याला विकता येत नाही, आधी डीमॅट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, करावाच लागतो.

वडिलांच्या लॉकरने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे पाचांतली एकच चालते, आणि कुठली ते आधी कळत नाही. शेअर पडून पडून शून्य होतो, त्याखाली जात नाही. वर जायला मात्र छत नाही. म्हणून चांगली चाललेली कंपनी वीस टक्के नफा दिसला की विकायची आणि पडलेली 'येईल कधीतरी वर' म्हणून ठेवायची, ही आपली सर्वसाधारण सवय पोर्टफोलिओचा सत्यानाश करते. बागेतल्या फळणाऱ्या वेली उपटून वाळलेल्यांना पाणी घालत बसण्यासारखं ते आहे.

दुसरी गोष्ट, बाजार सावरतो म्हणजे तुमची कंपनी सावरतेच असं नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर होता, ऑक्टोबरात ८ हजारांच्या खाली आला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये पुन्हा २१ हजारांवर पोहोचला. पण त्या जानेवारीत आठशेच्या घरात असलेली रिलायन्स कम्युनिकेशन्स कधीच परतली नाही. पुढे ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. निर्देशांकातून मेलेल्या कंपन्या काढून टाकतात आणि नव्या घेतात. तुमच्या खात्यात ते काम तुम्हालाच करावं लागतं. ज्यांना त्याला वेळ नाही त्यांनी सरळ निफ्टीचा इंडेक्स फंड, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्याच कंपन्या घेणारा फंड, दरमहा थोडा थोडा घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. माझ्या स्वतःच्या पैशांतला मोठा वाटा तिथेच आहे.

आणि ज्यांना स्वतः कंपनी निवडायची आहे त्यांनी काय बघायचं? वार्षिक अहवाल एक्स्चेंजच्या साइटवर फुकट मिळतो. पाच वर्षांची विक्री आणि नफा वाढतोय का. कर्ज किती. प्रवर्तकांनी आपले शेअर्स गहाण टाकलेत का. लेखापरीक्षक मध्येच सोडून गेलाय का. आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे रोकड प्रवाहाचं पान. दुकानदाराच्या वहीत विक्री दिसते पण सगळी उधारीवर असेल, तर नफा वहीत आणि गल्ला रिकामा. कंपन्यांचंही तसंच होतं. नफा दरवर्षी वाढतोय आणि धंद्यातून येणारी रोकड मात्र तशी वाढत नाही, अशी कंपनी दिसली की मी पान मिटते.

हे सगळं बघूनही फसगत होऊ शकते. सत्यमच्या ताळेबंदात रोकड आणि बँक शिल्लक भरभक्कम दिसत होती. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की त्यातले पाच हजार कोटींहून जास्त अस्तित्वातच नाहीत. एका दिवसात शेअरची तीन-चतुर्थांशाहून जास्त किंमत गेली. दीर्घकाळ धरून बसणाऱ्याला त्या दिवशी काहीच करता आलं नसतं. म्हणून एका कंपनीत सगळं कधीच टाकू नये, तुम्ही तिथे नोकरीला असलात तर अजिबातच नाही. पगार आणि पुंजी एकाच छपराखाली नको.

कंपनी चांगली, पण भाव?

आपल्या अंबडच्या कारखान्याकडे परत येऊ. सहा वर्षांत कमाई १० ची २० झाली. पी-ई २० च राहिला तर भाव ४००. छान. पण तुम्ही घेतला तेव्हा सगळीकडे त्या कंपनीचा बोलबाला होता, आणि सहा वर्षांनी लोकांचा उत्साह ओसरून पी-ई १२ झाला. २० गुणिले १२, भाव २४०. कंपनीने आपलं काम चोख केलं, कमाई दुप्पट केली, आणि तुम्हाला लाभांश सोडून वर्षाला मिळाले तीन टक्के. बँकेतल्या ठेवीने जास्त दिले असते.

इन्फोसिस १९९३ मध्ये ९५ रुपयांना इश्यू, म्हणजे शेअर्सची पहिली विक्री, घेऊन आली तेव्हा तो पूर्ण भरलासुद्धा नाही. ज्यांनी घेतला आणि ठेवला त्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच कंपनीचा शेअर २००० सालच्या शिखरावर घेतलेल्या माणसाला मूळ किंमत परत बघायला कित्येक वर्षं थांबावं लागलं, आणि त्या वर्षांत कंपनीचा धंदा वाढतच होता.

आपल्या नाशिकचंच घ्या. सुला विनियार्ड्स डिसेंबर २०२२ मध्ये ३५७ रुपयांना बाजारात आली. गंगापूर धरणाच्या रस्त्याला शनिवारी गाड्यांची रांग बघून माझ्या ओळखीतल्या कितीतरी लोकांनी घेतला. पुढे भाव सहाशेच्या वर गेला, नंतर इश्यूच्या किमतीच्याही खाली आला. वाइनच्या कंपनीचं गणित विक्रीबरोबर राज्य सरकारच्या कर परताव्याच्या योजनेवर, साठ्यात अडकलेल्या पैशांवर आणि कर्जावर चालतं. यातलं काहीच रस्त्यावरून दिसत नाही. शेअर घ्या किंवा विका असं मी म्हणत नाही, ते माझं कामही नाही. ओळखीची जागा आणि ओळखीचा धंदा यांत फरक आहे, एवढंच.

ट्रेडिंग करायचंच असेल तर

माझे एक अशील आहेत, साठीतले, पूर्वी धान्याचा व्यापार करायचे. ते ट्रेडिंग करतात आणि बहुतेक वर्षी नफ्यात असतात. त्यांच्या पत्रकात वर्षाला शंभराच्या आत व्यवहार असतात. एका व्यवहारात भांडवलाच्या एक टक्क्याहून जास्त जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. घेण्याआधी ते बाहेर पडायचा भाव वहीत लिहितात, आणि तो आला की वाद न घालता पडतात. त्यामागे साधं गणित आहे. एका वेळी वीस टक्के घालवणारा सलग पाच वेळा चुकला तर १०० चे ३३ उरतात. परत १०० व्हायला तिप्पट करावे लागतात. एक टक्का घालवणाऱ्याचे ९५ शिल्लक असतात आणि सहाव्या दिवशी तो शांतपणे दुकान उघडतो. ते याला दुकानच म्हणतात. घरखर्चाचे पैसे त्यात नाहीत, कर्जाचे तर नाहीतच.

आणि व्हॉट्सॲपवर कुणी 'उद्याचा जॅकपॉट कॉल' पाठवत असेल, वेगळं ॲप डाउनलोड करून त्यात पैसे भरायला सांगत असेल, तर तो ट्रेडिंगचाही विषय नाही, तो पोलिसांचा विषय आहे.

'आता लाँग टर्म ठेवतो'

सगळ्यांत जास्त पैसे मी कुठे जाताना बघते ते आता सांगते. शुद्ध ट्रेडर बुडतो तेव्हा त्याला निदान कळतं तरी. खरा घोटाळा मधल्या वाटेवर होतो.

दोन दिवसांत पाच टक्के मिळतील म्हणून शेअर घेतला. तो आठ टक्के पडला. नियमाप्रमाणे विकायला हवा होता. पण तोटा मान्य करायला मन तयार होत नाही, मग तोंडातून वाक्य येतं: "असू दे, आता लाँग टर्म ठेवतो." कंपनी काय करते ते माहीत नाही, ताळेबंद बघितलेला नाही. आणखी पडला की 'ॲव्हरेज' करायचा, म्हणजे चुकीवर अजून पैसे टाकायचे. मराठीत दोन शब्द आहेत, गुंतवणं आणि अडकणं. पैसे गुंतवतो तेव्हा तो माझा निर्णय असतो. अडकतात तेव्हा निर्णय भावाने घेतलेला असतो आणि मी त्याला नंतर छानसं नाव देते.

याची उलटी बाजूही तितकीच महाग. पंधरा वर्षांसाठी म्हणून नीट अभ्यास करून घेतलेले शेअर्स, आणि २३ मार्च २०२० ला, सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडून २६ हजारांच्या खाली गेला तेव्हा घाबरून विकले. आधी गुंतवणूकदार, एका सकाळी ट्रेडर. त्याच नोव्हेंबरात सेन्सेक्स साथीच्या आधीच्या उंचीवर परतला होता. विकलेल्यांतले बरेच जण तेव्हाही बाहेरच होते. खाली आला की घेऊ म्हणून थांबलेले.

म्हणून त्या मुलाला मी एकच काम सांगितलं. शिल्लक असलेल्या तीन कंपन्यांची नावं लिहायची आणि प्रत्येकीपुढे, ती का ठेवली आहे, ते एका ओळीत. भाव हा शब्द न वापरता. माझ्या टेबलावरचाच पाठकोरा कागद घेऊन तो बाहेरच्या बाकावर बसला. मी तोवर दोन विवरणपत्रं उरकली.

अर्ध्या तासाने आत आला. पहिल्या कंपनीपुढे लिहिलं होतं: आमच्या कारखान्याला बेअरिंग हीच पुरवते, गेल्या दोन वर्षांत एकही लॉट परत करावा लागला नाही, कर्ज बघायचं राहिलंय. दुसरीपुढे: बहिणीच्या सासरी हीच औषधं विकतात, अहवाल वाचून मग ठरवेन. तिसरीपुढची ओळ दोनदा खोडून पुन्हा लिहिलेली होती. ती त्याने मला स्वतःच वाचून दाखवली. "आत्या, हिच्यापुढे भाव सोडून काही लिहिताच येत नाहीये. पडला म्हणून ठेवलाय."

मग मोबाइल काढून त्याने घड्याळ बघितलं. तीनला दहा कमी होते, बाजार बंद व्हायला अजून चाळीस मिनिटं होती.